वरसईच्या भटजींबरोबर झाशीत

झाशीला उतरणारा मराठी प्रवासी बहुधा किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो आणि दुपारच्या आत ओरछ्याची वाट धरतो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. शहरानेच आपली ओळख एका व्यक्तीच्या नावात सामावून टाकली आहे. २०२१ च्या अखेरीस रेल्वेस्थानकाचे नावही ‘वीरांगना लक्ष्मीबाई’ असे झाले, तेव्हा आता फलाटावर पाऊल ठेवताच राणी भेटते आणि शहर सोडेपर्यंत दुसरे कोणी भेटत नाही. पण १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याचा वेढा पडला तो एका राणीला नव्हे. परकोटाच्या आत राहणाऱ्या हलवायांना, कोष्ट्यांना, सावकारांना, पाणक्यांना, भिक्षुकांना पडला. त्या पंधरवड्यात शहरात काय घडले हे आतून पाहून मराठीत लिहून ठेवणारा एक साक्षीदार आपल्याजवळ आहे. वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे. त्यांचे ‘माझा प्रवास’ हातात घेऊन झाशीत फिरावे, असा आमचा आग्रह आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने तर फिरावेच. कारण पाटीवरचा मजकूर आणि पुस्तकातला मजकूर जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथेच या शहरात वाचण्यासारखे काही सापडते.

पुस्तकाची हकीकत थोडक्यात सांगावी लागेल. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते बंडात सामील व्हायला नव्हे. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, घरचे कर्ज फिटेल, एवढाच हिशोब होता. वाटेतच बंड पेटले आणि हा दरिद्री याज्ञिक पुढे ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असा त्या आगीतूनच चालत राहिला. परत येऊन पाव शतक लोटल्यावर, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी हे सारे मोडीत लिहून काढले. भटजींच्या हयातीत ते छापले गेले नाही. वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले, पण भाषा सुधारून, काही मजकूर गाळून. मूळ हस्तलिखित १९२२ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळात पोचले आणि दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाखाली मूळ संहिता वाचकांच्या हाती यायला १९६६ साल उजाडले. म्हणजे घटनेपासून मूळ शब्दांपर्यंत यायला आपल्याला शंभरावर वर्षे लागली. बरोबर घ्यायची ती पोतदारांची प्रत. वैद्यांची प्रत वाचायला सोपी आहे, हे खरे. पण तिच्यात भटजी थोडे इस्त्री केलेले दिसतात.

आरंभ किल्ल्यापासूनच करणे भाग आहे, कारण शहराचा सारा उतार तिथून दिसतो. बंगरा टेकडीवरचा हा किल्ला ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधला. छत्रसालाकडून बुंदेलखंडाचा हिस्सा पेशव्यांकडे आल्यानंतर अठराव्या शतकाच्या मध्यास सुभेदार नारोशंकर येथे आले. त्यांनी किल्ला वाढवला आणि खाली पेठा वसवल्या. दक्षिणी घराणी आली ती या काळात आणि त्यानंतर. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे आली आणि त्यांच्याच घराण्यातले गंगाधरराव हे झाशीचे शेवटचे राजे. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. हा क्रम शाळेत पाठ केलेला असतो, म्हणून त्यावर अधिक रेंगाळत नाही.

प्रवेशद्वाराजवळ कडकबिजली तोफ आहे आणि पुढे आत भवानीशंकर. पर्यटक इथे छायाचित्रे काढतात. वर थोडे चालून गेले की गुलाम गौसखान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी लागतात. मुसलमान गोलंदाज, पठाण शिपाई, हिंदू राणी यांचे ते एकत्र लढणे इथे दगडात दिसते आणि मनावर परिणाम केल्यावाचून राहत नाही. पण वाचकांनी इथे क्षणभर सावध व्हावे. मोतीबाईचे नाव आज ज्या ओळखीने घेतले जाते ती ओळख मुख्यतः वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीने घडवली आहे. वर्मा झाशीतच वकिली करीत. त्यांनी म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा केल्या, घराघरांतल्या गोष्टी ऐकल्या आणि त्यांतून गंगाधररावांच्या नाटकशाळेतली नटी, पुढे राणीची हेर आणि शेवटी तोफेवरची वीरांगना अशी मोतीबाई उभी केली. आता कबरीसमोर उभा राहणारा माणूस कादंबरीतल्या पात्राला वंदन करतो की इतिहासातल्या बाईला, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. कादंबरीला यात कमी लेखण्याचे कारण नाही. एखाद्या कादंबरीने शहराच्या दगडांना बोलते करावे, हे भाग्य फार थोड्या कादंबऱ्यांच्या वाट्याला येते.

तटावर बायका होत्या, याला मात्र कादंबरीच्या साक्षीची गरज नाही. तोफखान्याच्या मोर्च्यांवर स्त्रिया राबताना, दारूगोळा वाहून नेताना दिसत होत्या, असे खुद्द रोजच्या अहवालात नमूद आहे. त्या बायकांची नावे त्याला ठाऊक नव्हती. ठाऊक करून घेण्याचे त्याला कारणही नव्हते. नावे नंतर लोकांनी दिली. झलकारीबाई हे त्यांतले सर्वांत ठळक नाव. राणीसारखी दिसणारी, राणीचा वेष घेऊन शत्रूला गुंतवून ठेवणारी कोरी समाजातली ही स्त्री लोककथेतून वर्मांच्या कादंबरीत आली आणि कादंबरीतून २००१ साली टपाल तिकिटावर पोचली. ज्यांच्या घरच्या माणसांची नावे कागदोपत्री राहत नाहीत त्यांनी ती कथेत जपावीत, यात आम्हांस काही वावगे दिसत नाही. गोडसे भटजींच्या डोळ्यांना शहरातले कोरी फारसे दिसले नाहीत, हेही जाता जाता नोंदवायला हवे. त्यांची नजर भिक्षुकाची होती. कोणत्या घरी अनुष्ठान चालू आहे, कोणाकडे भोजन आहे, दक्षिणा किती, हे ती आधी टिपते.

किल्ल्याच्या एका बाजूस ‘जंपिंग स्पॉट’ अशी पाटी असलेली जागा आहे. दत्तक पुत्राला पाठीशी बांधून राणीने घोड्यासह इथून उडी घेतली, अशी सर्वश्रुत कथा. खाली डोकावून पाहिले की वाद घालायची गरज उरत नाही. एवढ्या उंचीवरून घोडा उडी मारील, पण पुढे धावणार नाही. ४ एप्रिलच्या रात्री राणी थोड्या स्वारांसह किल्ला उतरून भांडेरी दरवाजाने बाहेर पडली, असे इतिहासकार मानतात. गोडसे भटजींच्या कथनातही ती किल्ला उतरते, शहरातून जाते आणि उत्तरेच्या अंगाने बाहेर पडते; मूल पाठीशी बांधलेले आहे, घोडा आहे, मध्यरात्र आहे, फक्त उडी नाही. आमच्या मते उडीवाचूनची ही हकीकत अधिक कठीण आहे. उडी एका क्षणात संपते. जळत्या शहरातून, आपल्याच रयतेच्या डोळ्यांदेखत, हळूहळू दरवाजापर्यंत जाणे मात्र संपत नाही. त्याआधीचा प्रसंग भटजी सांगतात तो असा की, पेटलेले शहर वरून पाहून बाईंना रडू कोसळले. दारूच्या साठ्याला आग लावून आपण मरून जावे असे त्या म्हणू लागल्या आणि एका वृद्ध सरदाराने त्यांची समजूत घालून त्यांना बाहेर पडायला लावले. हा प्रसंग भटजींनी स्वतः पाहिलेला नाही. ते तेव्हा शहरात होते. तरी ऐकलेल्या गोष्टीतही त्यांनी राणीला रडू दिले आहे, हे महत्त्वाचे. पुतळे रडत नाहीत.

तटावरून पूर्वेकडे पाहावे. त्या दिशेला बेतवा आहे. ३१ मार्चच्या संध्याकाळी तिकडे टेकडीवर मोठी आग पेटलेली झाशीकरांनी पाहिली. तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन मदतीला आल्याची ती खूण होती. तटावर आनंदाचा जल्लोष झाला, तोफांची सलामी झाली. रोजने वेढा न उठवता, जेमतेम दीड हजार माणसे बाजूला काढून १ एप्रिलला तात्यांना गाठले आणि त्या मोठ्या फौजेची दाणादाण उडवली. माघार घेताना तात्यांच्या लोकांनी मागे जंगल पेटवून दिले. किल्ल्यातून त्या वेळी कोणी बाहेर पडून वेढ्यावर तुटून पडले नाही. का पडले नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तटावर उभे राहिले की मात्र डोळ्यांसमोर येते ते एवढेच: एका रात्रीपुरती आशा दिसली होती, आणि ती धुराच्या रूपाने दिसेनाशीही झाली.

किल्ला सोडण्यापूर्वी आणखी एक वेढा आठवायला हवा. तो आपल्याकडे सहसा कोणी आठवत नाही. जून १८५७ मध्ये शिपायांनी छावणीतला तारा किल्ला आणि खजिना ताब्यात घेतल्यावर झाशीतले इंग्रज अधिकारी आणि त्यांची कुटुंबे याच किल्ल्यात आश्रयाला आली होती. म्हणजे तेव्हा आत इंग्रज होते आणि बाहेर शिपाई. ८ जूनला जीविताच्या वचनावर ते बाहेर आले. त्यांना जोखनबागेत नेऊन कापून काढण्यात आले: कॅप्टन स्कीनसह सुमारे साठ जण, त्यांत बायका आणि मुलेही. जोखनबागेत पुढे इंग्रजांनी स्मारक उभारले. झाशीच्या फेरफटक्यात ते वगळले जाते आणि वगळणाऱ्याला त्यात काही वगळले असे वाटतही नाही. राणीने १२ व १४ जूनला मेजर अर्स्किनला लिहिलेल्या पत्रांत शिपायांचा निषेध केला आणि आपली असहायता कळवली. इंग्रजांनी आधी ते मानल्यासारखे केले, मागाहून नाकारले. रोजच्या सैन्याने एप्रिलमध्ये शहरात जे केले त्याला या बागेचे निमित्त सांगितले गेले. ते निमित्त ठेवूनही हिशोब जुळत नाही, हे पुढे दिसेलच. पण बाग न पाहता शहरातल्या कत्तलीबद्दल बोलणाऱ्याचे बोलणे अर्धवट राहते, असे आमचे मत आहे.

आता खाली उतरून परकोटाच्या दक्षिण अंगाने चालू. परकोट आज सलग दिसत नाही. घरे त्याला टेकून, कित्येक ठिकाणी त्याच्यातच वसली आहेत. दरवाजे मात्र नावांनिशी टिकून आहेत: सैंयर, ओरछा, सागर, लक्ष्मी, बडागाव, भांडेरी, उन्नाव, दतिया, खंडेराव. त्यांच्या अधूनमधून खिडक्या, म्हणजे लहान वाटा: गणपतगीरची खिडकी, सुजानखाँची खिडकी. रिक्षावाल्याला आजही दरवाजाचे नाव सांगितले की पुरते, इतकी ती नावे जिवंत आहेत.

शहर पडले ते या दक्षिण बाजूने, ३ एप्रिलला पहाटे. कसे पडले, याच्या तीन हकीकती आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. इंग्रजांच्या हकीकतीत बुरुजाजवळ तोफांनी पाडलेले खिंडार आहे आणि दुसऱ्या टोकाला शिड्या आहेत. काही शिड्या आखूड पडल्या, काही मोडल्या. मिकलजॉन आणि डिक हे दोन तरुण अधिकारी तटावर चढताच मारले गेले. लोकांच्या हकीकतीत ओरछा दरवाजा आहे आणि दुल्हाजू नावाचा फितूर आहे. त्याने दरवाजा उघडला म्हणून शहर गेले. गोडसे भटजींच्या हकीकतीत ना शिडी मुख्य, ना फितूर. तिथे डोक्यावर गवताचे भारे घेतलेले मजूर येतात, तटाशी भाऱ्यांवर भारे टाकतात आणि त्या गवताच्या पायऱ्यांवरून गोरे आत उतरतात.

या तिन्हींत खरी कोणती, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतो. लष्करी दृष्टीने उत्तर पहिल्या हकीकतीच्या बाजूने जाईल, यात शंका नाही. पण प्रत्येक हकीकत सांगणाऱ्याला काय सोसवत नव्हते, तेही त्यातून कळते. इंग्रजाला आपल्या माणसांचे शौर्य नोंदवायचे आहे. झाशीकराला पराभव तोफेने झाला हे सोसवत नाही. तो घरभेद्याने झाला तर शहराचा मान राहतो. भटजींचे तसे काही नाही. त्यांना तो प्रकार नवलाचा वाटला आहे: गवत! जनावरांच्या दावणीत पडायचे गवत तटाला जिना म्हणून लावले. आणि ते वाहून आणणारे मजूरही इथलेच होते, हे त्यांनी सांगितलेल्या तपशिलातून आपोआप येते. त्या मजुरांच्या नावाची पाटी कुठेही असणार नाही. फितुराच्या नावाला मात्र ओरछा दरवाजा कायमचा चिकटला.

दरवाजातून आत शिरून बाजाराच्या रस्त्याने राणीमहालाकडे जाताना रस्ता अरुंद होत जातो. या गल्ल्यांतून ३ आणि ४ एप्रिलला घराघरांतून लढाई झाली. राजवाड्याच्या पागेत राणीच्या अंगरक्षकांपैकी चाळीसेक विलायती पठाण पेटलेल्या छपराखाली शेवटपर्यंत लढले. इंग्रजांच्या लेखनातही त्यांच्याविषयी आदर दिसतो. वाड्यात त्यांना रेशमी युनियन जॅक सापडला. तो लॉर्ड बेंटिंकने झाशीच्या राजांना निष्ठेबद्दल दिलेला होता! त्याच निष्ठावान घराण्याचा वाडा घेतल्याची खूण म्हणून तोच झेंडा वर चढवण्यात आला. इतिहासाला कधी कधी विडंबनाची हौस येते. ती कल्पित लेखनात आली असती तर आपण ओढूनताणून आणली म्हटले असते.

मग शहराची पाळी आली. डॉ. थॉमस लो आणि डॉ. सिल्व्हेस्टर हे दोघे सैन्यातले डॉक्टर. दोघांनीही १८६० साली आपापली पुस्तके छापली आणि दोघांतही झाशीची कत्तल व लूट आहे. मेलेल्यांचा पाच हजारांचा आकडा इंग्रजी लेखनातच येतो. रोजच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून साडेतीनशेच्या आत. या दोन आकड्यांमधले अंतर लढाईचे नाही. ते अंतर भरून काढणारा मजकूर ‘माझा प्रवास’मध्ये आहे. हलवाईपुरा पेटला, कोष्टीपुरा पेटला. माणसे घरांच्या पोटमाळ्यांत, विहिरींत, गवताच्या गंजींत लपली. काका-पुतणे एका घरात दडून बसले. शिपाई आले, जीव वाचला, जवळचे पैसे गेले. इतक्या प्रवासातून मिळवलेली ती दक्षिणा होती. तिच्याबद्दलची हळहळ भटजी लपवत नाहीत, आणि आजूबाजूला प्रेते पडलेली असताना आपण पैशांचा विचार करीत होतो हेही लपवत नाहीत. लूट कशी पाळीपाळीने झाली तेही त्यांनी व्यवस्थित सांगितले आहे: आधी सोने-नाणे, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता, मग धान्य. तहान, उन्हाळा, दुर्गंधी. प्रेते जाळण्याची परवानगी मिळाली तेव्हा लाकूड नव्हते, म्हणून घरातले लाकडी सामान, दारे, तुळया रस्त्यावर आणून त्यांवरच दहन झाले.

हे वर्णन वाचताना ‘अलिप्त’ हा शब्द काही समीक्षक वापरतात. आम्हांस तो पटत नाही. भटजी अलिप्त नाहीत. ते हिशोबी आहेत. पंचवीस वर्षांनी आठवून लिहिताना तपशील ढळले असतील, काही ऐकीव गोष्टी पाहिल्याच्या सुरात आल्या असतील, तारखा तर त्यांच्या भरवशावर घेऊच नयेत. पण भांड्यांनंतर कपडे आणि कपड्यांनंतर धान्य, हा क्रम कोणी कल्पनेने रचत नाही. दारासमोर दारेच सरण म्हणून पेटताना ज्याने पाहिले त्याला अलंकाराची गरज भासत नाही, आणि भटजींनी तो योजलेलाही नाही.

राणीमहाल आज पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वरच्या मजल्यावर रंगीत चित्रांनी भरलेला दरबार, खाली चौकाभोवती नवव्या ते बाराव्या शतकांतली शिल्पे मांडलेली. शिल्पे सुंदर आहेत. त्यांचा या वाड्याशी काही संबंध नाही. संस्थान खालसा झाल्यावर राणी राहिली ती येथे. वाड्याचा बराच भाग तोफांनी गेला. याच परिसरात कुठेतरी झाशीच्या राजांचे ग्रंथालय होते, आणि आमच्या दृष्टीने हे सर्वांत मोठे स्थळ आहे, जरी ते दाखवता येत नाही.

त्या पुस्तकशाळेविषयी गोडसे भटजी लिहितात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. वेद, त्यांवरील भाष्ये, सूत्रे, स्मृती, पुराणे, ज्योतिष, वैद्यक अशा पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जमवलेल्या. जिथे जे पुस्तक असल्याचे कळे तिथून त्याची नक्कल करवून आणायची, अशी राजांची रीत. काशीचे पंडितही इथून नकला करून नेत. पोथ्या चांगल्या बांधणीच्या, रेशमी रुमालांत गुंडाळलेल्या. लुटीत रुमाल गेले, कारण रुमालांना किंमत होती. पोथ्या फाडून, भिरकावून, जाळून टाकल्या, कारण त्यांना नव्हती. पैसे गेल्याची हळहळ करणाऱ्या भटजींना इथे आपल्या पैशांची आठवणही राहत नाही. ज्याचे सारे आयुष्य पाठांतरावर गेले, पोथीचे एखादे पान मिळवायला ज्याने कोसभर चालणे मनावर घेतले नसते, असा तो माणूस. प्रेतांनी भरलेल्या शहरात त्याने पुस्तकांसाठीही शोक केला, आणि तो करताना माणसांपेक्षा पुस्तके मोठी मानली नाहीत, माणसांमुळे पुस्तकांना विसरलाही नाही.

लखनौच्या रेसिडेन्सीत तोफगोळ्यांनी खरवडलेल्या भिंती इंग्रजांनी तशाच जपून ठेवल्या, कारण त्या त्यांच्या सोसण्याची साक्ष होत्या. झाशीत सोसले ते शहराने. शहराला आपली पडकी भिंत जपण्याची चैन परवडत नाही. तिला टेकून घर उभे करावे लागते. त्यातही झाशीचे राजकीय भवितव्य बरीच वर्षे अधांतरी होते: १८६१ मध्ये इंग्रजांनी शहर आणि किल्ला शिंद्यांना दिला आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत देऊन तो पुन्हा घेतला. म्हणजे विष्णुभट वरसईला बसून आपली हकीकत लिहीत होते तेव्हा झाशीचा किल्ला शिंदेशाहीत होता. आठवणीचे दगड लावायला मालकाला तरी स्थैर्य हवे. मग विसाव्या शतकात पुतळे आले, कवितेतून उडी आली, शाळेतून पाठांतर आले.

पूर्वेकडे लक्ष्मी दरवाजाबाहेर लक्ष्मी तलाव, महालक्ष्मीचे मंदिर आणि गंगाधररावांची छत्री. छत्री राणीने बांधवून घेतली. महालक्ष्मी ही नेवाळकरांची कुलदेवता. मंगळवारी आणि शुक्रवारी बाई दर्शनाला जात, कधी पालखीतून, कधी घोड्यावरून, असे भटजी सांगतात आणि सोबतच्या लवाजम्याचे, पोषाखाचे वर्णन अगदी रंगात येऊन करतात. या बाजूला गर्दी नसते. रत्नागिरीकडून निघालेले एक घराणे बुंदेलखंडातल्या तळ्याकाठी कोल्हापूरच्या देवीला आणून बसवते, तिच्या दारी वरसईचा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उभा राहतो: या एका जागी झाशीचे मराठीपण नीट समजते. ते सत्तेबरोबर आले, आणि सत्ता गेल्यावर पुष्कळसे भाषेत शिल्लक राहिले. वेढ्याबद्दल पुढे जे लिहिले गेले (१८९४ चे पारसनिसांचे राणीचरित्र, त्याचाच आधार घेऊन आणि स्वतः झाशीत हिंडून १९५६ साली महाश्वेता देवींनी बंगालीत लिहिलेले पहिले पुस्तक, १९७० चे शिरवाडकरांचे ‘वीज म्हणाली धरतीला’), त्या सगळ्याचा एक धागा या तळ्याकाठच्या वस्तीपर्यंत येतो. ‘माझा प्रवास’ मात्र बराच काळ मराठीतच अडकून होते. अमृतलाल नागरांनी ते ‘आँखों देखा गदर’ म्हणून हिंदीत नेले. इंग्रजीत यायला २०११ साल उजाडले. त्यामुळे वेढ्याचे इंग्रजी इतिहास लिहिणाऱ्या कित्येकांनी लो वाचला, सिल्व्हेस्टर वाचला आणि आत असलेल्या माणसाला विचारलेच नाही.

फेरी पुरी करायची तर उत्तरेला भांडेरी दरवाजाशी यावे. पर्यटकांच्या नकाशात हा क्वचितच असतो. आजूबाजूला नेहमीची वस्ती, दुकाने, वायरींचे जाळे. राणी इथून निघाली ती भांडेरच्या वाटेने. लेफ्टनंट डाउकरच्या स्वारांनी तिला भांडेरजवळ जवळपास गाठले, झटापट झाली, तो जखमी झाला आणि राणी निसटली. पुढे काल्पी, मग ग्वाल्हेर आणि १७ जूनचा कोटा-की-सराय.

भटजीही काही दिवसांनी काल्पीच्याच वाटेला लागले, पायी. तिकडे एका विहिरीपाशी धुळीने माखलेली, पुरुषी वेषातली, घोड्यावर बसलेली राणी त्यांना पुन्हा भेटली. तिला तहान लागली होती. भटजींनी ओळखून पाणी शेंदायला घेतले, तर तिने त्यांना थांबवले: तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते. आणि मातीच्या मडक्याने तिने स्वतः पाणी काढले, ओंजळीने प्यायली आणि निघून गेली. या भेटीची जागा कोणी निश्चित केलेली नाही. काल्पीच्या रस्त्यावर विहिरी पुष्कळ आहेत.